पळीभर तेल

चौदा पिवळ्या टोप्या वाटून झाल्या.
एक उरली, ती सुपडू चौधरींनी
स्वतःच्या पांढऱ्या टोपीवरच चढवली
आणि म्हणाले, चला, विद्यापीठ दाखवतो.

समोर सागाचं रान.
डोंगरी नदी घोट्याइतकी,
तिच्यावर वाकलेला सातमाळ्याचा कडा,
आणि पार्किंगमधली आमची चाळीसगावहून आलेली गाडी.
विद्यापीठ कुठेच नव्हतं.

"हाई दखा. आठे पोरेसनं वसतिगृह व्हतं."
दोन सीताफळी, दगडांचा ढीग,
ढिगावर कुणाची तरी बकरी.
आम्ही बकरीचे फोटो काढले.
धुळ्याच्या बँकेतल्या बाईंनी विचारलं, पुरावा काय?
"पुरावा नही शे, मॅडम. सावली शे. बठा."
बसलो.
मग पाणी पिता पिता त्यांनी कबूलच केलं,
मागच्या आइतवारी हेच वसतिगृह
त्यांनी पलीकडच्या चिंचेखाली दाखवलं होतं.
"मठनी जागा कोणलेच म्हाईत नही.
पन लोके इतला लांबून येतंस,
त्यास्ले काय नुसतं रान दखाडू?"

मी महावितरणात आहे, पाचोऱ्याला.
घरोघर जाऊन मीटर वाचतो.
दहावीला गणितात दोनदा गेलो,
हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.
गणित शिकवायला इथे राजानं मठ दिला होता,
आठशे वर्षांपूर्वी,
हे ऐकताना मात्र मान उगाच खाली गेली.

देवळात अंधार. शिलालेखावर टॉर्च.
ओळी तासासारख्या सरळ,
मध्येच कुठे पेर चुकलेली.
सुपडूदादांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.
तरी त्यांचं बोट
दगडापासून दोन इंचांवरून चालत राहिलं,
हात लावायला मनाई आहे म्हणून हवेतच,
आणि एका जागी थांबलं.

"आठे आम्ही शेत."

या गावात जितके घाणे फिरतील
त्या प्रत्येकानं मठाला पळीभर तेल द्यावं,
असं तिथे कोरलंय म्हणाले.
राजाचं नाव त्यांनी भरभर उरकलं होतं.
घाण्यापाशी आवाज हळू झाला.
वडिलांनी बैल विकला त्या वर्षी
घाण्याची लाट गोठ्याला आडवी टाकली,
अजून तिच्यावर हात फिरवला की बोटं चिकट होतात.

नंदुरबारची जमना पावरा, बी.एस्सी. दुसरं वर्ष,
सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.
"पळी केवढी?"
त्यांनी तळव्याची खोलगट करून दाखवली.
"रोज, की महिन्याला?"
"ते माले येत नही, पोरी."
ती वहीत काही मांडत राहिली:
एक पळी, एक वात, इतके तास,
गावात घाणे किती ते नाही कळलं, म्हणून तिथे य.
उत्तर आलं का, मी विचारलं.
म्हणाली, तुम्ही उजेडात उभे आहात.
बाजूला झालो.

जेवायला नदीवर. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा.
सुपडूदादांनी पिशवीतून बाटली काढली,
शेंगदाण्याचं, मिलमधलंच,
आणि न विचारता प्रत्येकाच्या भरितावर धार धरली.
बँकेच्या बाई नको नको म्हणाल्या,
त्यांना जरा जास्तच पडलं.

एक थेंब जमनाच्या माहितीपत्रकावर पडला,
नकाशावर, बरोबर जिथे छापलंय
"मठाचे संभाव्य स्थान".
तिनं पुसायला ओढणी घेतली, मग पुसलं नाही.
डाग रुपयाएवढा पसरला,
कागद तिथे पातळ झाला,
आणि मागच्या पानावरची अक्षरं
उलटी, फिकट, वर यायला लागली.
ती पत्रक उन्हात धरून
एकेक वाचायला लागली.
गाडीनं दोनदा हॉर्न दिला.